स्टॅड-ईटॅब्समध्ये लोड देताना होणारे घोळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्यातल्या डिझाइन ऑफिसांत नव्याने रुजू झालेली मुलं, वालचंद आणि कराडच्या सरकारी कॉलेजात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी आणि स्वतःचं काम सुरू केलेले तरुण इंजिनिअर यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न स्टॅड प्रो आणि ईटॅब्स या, इमारतीच्या सांगाड्याचं गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलचे आहेत. सगळे प्रश्न लोडचेच आहेत, कारण सेक्शन चुकला तर डिझाइनच्या वेळी तो बीम फेल दिसतो. लोड चुकला तर सगळं पास दिसतं.

मॉडेल एकही एरर न देता रन झालं. म्हणजे लोड बरोबर आहेत ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की गणित सुटलं. तुम्ही भिंत विसरलात का, लाइव्ह लोड (माणसं-सामानाचं वजन) दोनदा टाकलात का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. म्हणून रन झाल्यावर बेंडिंग मोमेंट किंवा स्टील बघायच्या आधी प्रत्येक प्रायमरी लोड केसची सपोर्ट रिअॅक्शनची (आधारांवर येणाऱ्या बलाची) बेरीज काढायची आणि ती हाताने काढलेल्या वजनाशी जुळवायची. स्टॅडमध्ये आउटपुट फाइलमध्ये लागू केलेल्या लोडची आणि रिअॅक्शनची बेरीज केसनुसार मिळते. ईटॅब्समध्ये बेस रिअॅक्शनचं टेबल असतं. पण एक ध्यानात ठेवा : लागू केलेला लोड आणि रिअॅक्शन एकमेकांशी जुळणारच. तो ताळा सॉफ्टवेअरचा स्वतःशीच आहे. आपल्याला हवा तो कागदावरच्या आकड्याशी.

सुरुवात लाइव्ह लोडपासून करा, कारण तो सगळ्यात स्वच्छ असतो. समजा सांगलीच्या विश्रामबागेत १० बाय १२ मीटरचा बंगला आहे. एका मजल्याचं क्षेत्र १२० चौरस मीटर, राहत्या घराचा लाइव्ह लोड २ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे एकूण २४० किलोन्यूटन. बेस रिअॅक्शन २३२ दिसली तर जिन्याचा डक्ट मोकळा सोडल्याचा फरक आहे, समजण्यासारखा आहे. १७० दिसली तर काही पॅनेलनी लोड घेतलेलाच नाही. ४८० दिसली तर लोड दोनदा बसला आहे. पॅनेल पॅनेल तपासत बसायच्या आधीच चूक कोणत्या जातीची आहे हे कळतं.

मग भिंती. मजल्याची उंची ३ मीटर, बीम ४५० मिलिमीटर, म्हणजे भिंतीची निव्वळ उंची २.५५ मीटर. भिंतीची जाडी ०.२३ मीटर, विटकाम २० किलोन्यूटन प्रति घनमीटर : ०.२३ गुणिले २० गुणिले २.५५, म्हणजे ११.७३ किलोन्यूटन प्रति मीटर. भिंतींची एकूण लांबी प्लॅनवरून मोजा आणि गुणा. दारं-खिडक्या वजा केल्या नाहीत तरी चालेल, पण वजा केल्या की नाही हे लिहून ठेवा. सेल्फ-वेटला काँक्रीट २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरून स्लॅब, बीम, कॉलमची बेरीज करा. इथे बीमची स्लॅबमधली जाडी दोनदा मोजली जाते, त्यामुळे थोडा फरक राहतो. चार-पाच टक्क्यांच्या आतला फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जात नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि ते ऑफिसातल्या प्रत्येक मॉडेलला झालं पाहिजे, बंगला असो की सात मजली.

डेड लोडची (इमारतीच्या कायमच्या वजनाची) बेरीज हाताच्या हिशेबापेक्षा खूपच जास्त येते. कुठे बघू?

ईटॅब्स असेल तर सगळ्यात आधी लोड पॅटर्नची खिडकी उघडा आणि सेल्फ-वेट मल्टिप्लायरचा रकाना वाचा. तो फक्त डेड पॅटर्नला १ हवा, बाकी सगळ्यांना शून्य. फ्लोअर फिनिश, भिंती, पॅरापेट असे वेगळे पॅटर्न करताना कुणीतरी तिथेही १ टाकतो आणि इमारतीचं स्वतःचं वजन तितक्या वेळा मोजलं जातं.

दुसरी जागा म्हणजे लोड असाइन करतानाचे तीन पर्याय : आधीच्या लोडमध्ये भर घाला, आधीचा काढून नवा द्या, आधीचा पुसा. भिंतीचा लोड १२ चा ११.७ करायचा म्हणून पुन्हा असाइन केला आणि ‘भर घाला’ तसंच राहिलं, की बीमवर २३.७ बसतो. स्क्रीनवर आकडे दाखवून एक मजला नजरेखालून घाला. स्टॅडमध्येही तेच : एकाच केसमध्ये तोच बीम दोन ओळींत आला तर दोन्ही लोड लागतात, सॉफ्टवेअर हरकत घेत नाही.

तिसरं, स्टॅडमध्ये स्लॅब प्लेट म्हणून मॉडेल केला आहे, प्लेटवर प्रेशर दिला आहे आणि शिवाय सवयीने फ्लोअर लोडही टाकला आहे. दोन्हींपैकी एकच ठेवा.

डेड लोडची रिअॅक्शन उणे येते, इमारत वर उचलली जातेय असं दिसतं.

स्टॅडमध्ये सेल्फ-वेट वाय (उभ्या) दिशेला उणे १ द्यायचा असतो. चिन्ह राहिलं की वजन आकाशाकडे जातं. भिंतीच्या लोडलाही तेच. फक्त भूकंपासाठी वजनं सांगतो त्या डेफिनिशनच्या भागात सेल्फ-वेट धन १ असतो, तिथे वजनाचं फक्त प्रमाण सांगायचं असतं. एका ठिकाणची ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली की हा घोळ होतो.

स्टॅडमध्ये फ्लोअर लोड दिला, पण काही पॅनेलवर लोड दिसतच नाही.

हा सांगलीपासून फलटणपर्यंत सगळ्यांना छळणारा प्रश्न, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा ऑटोकॅडमधून आणलेल्या रेषांत असतं.

फ्लोअर लोड बीमनी चारी बाजूंनी बंद केलेलं पॅनेल शोधतो. पॅनेल बंद नसेल तर तो तिथे लोड टाकत नाही. दोन बीम एकमेकांना ओलांडतात पण छेदाच्या जागी नोड (जोडबिंदू) नाही, हे पहिलं कारण. स्क्रीनवर जोड दिसतो, सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन बीम एकमेकांना ओळखतही नाहीत. दुसरं कारण अधिक फसवं : मजल्याची पातळी ३ मीटर आहे, पण ऑटोकॅडच्या डीएक्सएफ फाइलमधून आलेल्या एका कोपऱ्याचा वाय २.९९९६ आहे. पॅनेल एका प्रतलात राहत नाही किंवा वाय-रेंजच्या बाहेर पडतं. नोडचं टेबल उघडून वायच्या रकान्याप्रमाणे क्रम लावा, असे चुकार नोड लगेच वर येतात. मग एकाच पातळीचे सगळे नोड निवडून त्यांचा वाय एकसारखा करा आणि डुप्लिकेट नोड, डुप्लिकेट मेंबर, एकावर एक पडलेले मेंबर ही तपासणी चालवा.

तिसरं म्हणजे एक्स, वाय आणि झेडची रेंज. आधी दिलेली रेंज नंतर वाढवलेल्या भागाला लागू होत नाही. मागच्या बाजूला खोली वाढवली आणि लोड जुन्याच चौकटीत राहिला, असं होतं. आणि जिथे पॅनेल लांबट आहे, स्लॅब खरोखर एकाच दिशेने टेकतो, तिथे वन-वे लोड द्या, नाहीतर आखूड बीमवर नको तितकं वजन जातं आणि लांब बीम हलका राहतो.

लोड हजार पट आला आहे. एककांचा प्रश्न कसा सोडवायचा?

स्टॅडच्या इनपुट फाइलमध्ये युनिटची ओळ तिच्यापुढच्या सगळ्या ओळींना लागू होते, पुढची युनिटची ओळ येईपर्यंत. सेक्शनची मापं देण्यासाठी मिलिमीटर केलं आणि परत मीटर केलं नाही, तर खालचा १२ किलोन्यूटन प्रति मीटर हा १२ किलोन्यूटन प्रति मिलिमीटर म्हणून वाचला जातो. फाइल एडिटरमध्ये उघडून लोडच्या भागाच्या आधी युनिटची ओळ स्वतः लिहा, आधी असली तरी.

आपल्याकडे आणखी एक अडचण : ठेकेदार आणि मशिनरीवाले वजन किलोत किंवा टनात सांगतात. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०२ किलो. गच्चीवरची ५००० लिटरची टाकी भरल्यावर सुमारे ४९ किलोन्यूटन पाणी धरते, टाकीचं वजन वेगळं. ५००० हा आकडा तसाच लोडमध्ये टाकलेली मॉडेलं असतात, आणि टाकी पूर्ण विसरलेलीही.

शेडच्या छपरावर वाऱ्याचा लोड दिला, पण उत्तर पटत नाही.

दिशा बघा. वाऱ्याचा दाब पत्र्याला काटकोनात लागतो, म्हणून तो मेंबरच्या लोकल (त्याच्या स्वतःच्या) अक्षात द्यायचा, ग्लोबल (सगळ्या मॉडेलच्या) वायमध्ये नाही. ग्लोबलमध्ये दिला तर छपराच्या उतारावरचा आडवा घटक गायब होतो आणि कॉलमला जाणारी ढकल चुकते. वजनाचे लोड मात्र ग्लोबलमध्येच.

कॉलमवर आणखी काळजी घ्या. स्टॅडमध्ये कॉलम खालून वर काढला की वरून खाली, यावर त्याच्या लोकल वायची दिशा ठरते. त्याच फ्रेममध्ये एक कॉलम उलटा काढला असेल, तर समान चिन्हाचा लोड देऊनही एका कॉलमला दाब आणि दुसऱ्याला ओढ बसते. लोकल अक्ष स्क्रीनवर दाखवून बघा, किंवा कॉलमचा वारा सरळ ग्लोबल एक्स-झेडमध्येच द्या.

ट्रसमध्ये पर्लिनची (पत्र्याखालच्या आडव्या मेंबरची) रिअॅक्शन नोडवर द्या. पर्लिन दोन नोडच्या मध्ये बसत असेल तर तो वरचा कॉर्ड ट्रस मेंबर म्हणून सांगू नका, त्याला बेंडिंग घ्यावंच लागणार आहे.

वाऱ्याच्या आकड्यात आपल्या भागासाठी वेगळं काय?

आयएस ८७५ (लोडचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागाच्या २०१५ च्या आवृत्तीतल्या नकाशावर आपला पट्टा ३९ मीटर प्रति सेकंद मूळ वेगाचा आहे. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. सगळे गुणक १ धरले तर साधारण ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. सपाटीवरच्या मिरजेसाठी भूप्रदेशाचा गुणक १ ठीक. पण पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला, महाबळेश्वरच्या उतारावर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर तो १ धरून चालणार नाही. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. ३ अंशांपेक्षा जास्त उतार असेल तर हा गुणक १.३६ पर्यंत जाऊ शकतो, आणि वेगाचा वर्ग होत असल्यामुळे दाब जवळजवळ ८५ टक्के वाढतो. सॉफ्टवेअर हा रकाना १ भरून ठेवतं, तो तुम्हालाच बदलावा लागतो.

ईटॅब्समध्ये वाऱ्याची केस शून्य येत असेल तर एक्स्पोजर डायफ्रॅमवरून निवडलं आहे आणि मजल्याला डायफ्रॅम (सगळा मजला एकसंध हलतो असं सांगणारी खूण) दिलेलाच नाही, असं असतं. शेलवरून निवडलं असेल तर भिंतींच्या पृष्ठभागांना दाबाचे गुणांक स्वतः द्यावे लागतात, नाहीतर शून्यच.

भूकंपाचा बेस शिअर (तळाशी येणारं एकूण आडवं बल) फार कमी किंवा फार जास्त येतो.

११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला आणि देशाचा भूकंप नकाशा बदलावा लागला. पाटण-कोयनानगरचं काम आणि सांगली शहरातलं काम एकाच टेम्प्लेटवर करता येत नाही, हे या भागात काम करणाऱ्याने कधी विसरू नये. आयएस १८९३ (भूकंपाचं मानक) च्या २०१६ च्या आवृत्तीत कोयना परिसर झोन ४ मध्ये आहे, झोनचा गुणक झेड ०.२४, झोन ३ चा ०.१६. जुनी फाइल कॉपी केली आणि झोन तसाच राहिला तर भूकंपाचा लोड दीडपटीने चुकतो. जागेचा झोन लागू आवृत्तीच्या नकाशावरून ठरवा आणि तो डिझाइन बेसिसच्या पहिल्या पानावर लिहा.

त्यानंतर वजन. लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंत असेल तर त्याचा २५ टक्के, त्याहून जास्त असेल तर ५० टक्के भूकंपाच्या वजनात धरायचा, गच्चीचा शून्य. ईटॅब्समध्ये हे मास सोर्समध्ये (भूकंपासाठी कोणतं वजन धरायचं त्या यादीत) द्यायचं असतं. तिथे एलिमेंटचं स्वतःचं मास ही खूणही केली आणि खाली डेड पॅटर्नही १ ने घेतला, तर स्वतःचं वजन दोनदा जातं. उलट, भिंतींचा वेगळा पॅटर्न त्या यादीत घ्यायचा राहिला तर बेस शिअर कमी येतो, आणि ही चूक जास्त धोकादायक, कारण डिझाइन हसतखेळत पास होतं. मजल्यानुसार मासचं टेबल उघडा, ९.८१ ने गुणा, हाताच्या वजनाशी ताडा.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रममध्ये (भूकंपाच्या डायनॅमिक अॅनालिसिसमध्ये) स्केल फॅक्टर आय गुणिले जी भागिले दोन आर : आय म्हणजे इमारतीच्या महत्त्वाचा गुणक, जी म्हणजे गुरुत्वत्वरण, आर म्हणजे रिस्पॉन्स रिडक्शन फॅक्टर. आय १, आर ५ असेल तर मिलिमीटरमध्ये ९८०.७ आणि मीटरमध्ये ०.९८१. मॉडेल मिलिमीटरमध्ये असताना ०.९८१ टाकला की भूकंप हजार पटीने मावळतो. डायनॅमिक बेस शिअर स्टॅटिकपेक्षा कमी आला तर त्या प्रमाणात वाढवून घ्यायचा. तो गुणक दहा-वीस आला तर थांबा, वाढवून मोकळे होऊ नका, मागे काहीतरी चुकलं आहे.

स्टॅडमध्ये भूकंपाच्या केसेस इतर प्रायमरी केसेसच्या आधी लिहायची शिस्त ठेवा.

लोड कॉम्बिनेशन आणि रिपीट लोड यांत फरक काय? दोन्हींत आकडे तेच लिहितो.

साध्या लिनिअर अॅनालिसिसमध्ये उत्तर तेच येतं, म्हणूनच फरक लक्षात येत नाही. कॉम्बिनेशन म्हणजे प्रत्येक केसचं उत्तर काढून झाल्यावर त्या उत्तरांची बेरीज. रिपीट लोड म्हणजे आधी लोडची बेरीज आणि मग त्या एकत्र लोडखाली इमारत सोडवणं. पी-डेल्टा (इमारत झुकल्यावर वजनाचा वाढणारा परिणाम) असेल किंवा शेडच्या ब्रेसिंगचे रॉड फक्त ताण घेणारे असतील, तर उत्तरांची बेरीज चालत नाही. वाऱ्याच्या एकट्या केसमध्ये जो रॉड सैल पडतो, तो वजनासह कदाचित ताणलेला राहील. तिथे रिपीट लोडच वापरा.

आणि कॉम्बिनेशन आपोआप तयार करवली असतील तर ती एकदा वाचा. वारा आणि भूकंप एकत्र घ्यायचे नसतात. ०.९ डेड अधिक-उणे १.५ भूकंप हे कॉम्बिनेशन सुटलं तर फूटिंगचं उचलणं आणि कॉलममधला ताण दिसतच नाही.

‘इन्स्टॅबिलिटी’ची वॉर्निंग येते, पण उत्तरही येतं. दुर्लक्ष करू का?

करू नका. स्टॅड त्या जागी एक क्षीण स्प्रिंग स्वतःहून घालतं आणि पुढे जातं. वॉर्निंगमध्ये जॉइंटचा नंबर आणि दिशा दिलेली असते, तिथे जाऊन बघा. बीमच्या दोन्ही टोकांना पीळ मोकळा सोडलेला असतो, किंवा कशालाच न जोडलेला नोड असतो, किंवा सपाट ट्रसला बाजूचा आधार नसतो. त्या नोडवर लोडही असेल तर विस्थापन मीटरांत येतं. विस्थापित आकृती दाखवा, एखादा भाग पानाबाहेर गेलेला दिसेल.

पॉइंट लोड भलत्याच जागी बसतो.

ईटॅब्समध्ये अंतर दोन प्रकारे देता येतं, लांबीच्या प्रमाणात किंवा मीटरमध्ये. ०.५ म्हणजे मध्यावर की टोकापासून अर्धा मीटर, हे त्या खुणेवर ठरतं. स्टॅडमध्ये इनपुट फाइल हाताने बदलून बीमचे दोन तुकडे केले असतील तर टोकापासून २.५ मीटरवरचा लोड आता २ मीटरच्या बीमच्या बाहेर पडतो.

तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आणि सांगलीतलं हळदीचं गोडाऊन. लाइव्ह लोड ५ धरला तर?

कमी पडेल. आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात कोल्ड स्टोरेजला साठवणुकीच्या उंचीच्या प्रत्येक मीटरला ५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर आणि किमान १५ सांगितले आहेत. साध्या गोडाऊनला प्रत्येक मीटरला २.४, किमान ७.५. म्हणजे ४ मीटर थप्पी असलेल्या कोल्ड स्टोरेजच्या मजल्याला २०. मालकाला विचारा की क्रेट किंवा पोती किती उंच लागणार, आणि तो जे सांगेल ते ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहा.

दुसरी गोष्ट, इथे लाइव्ह लोड डेडच्या पाऊणपटीपेक्षा जास्त होतो. त्यामुळे सगळ्या गाळ्यांत एकदम भरलेला माल ही एकच केस पुरत नाही. एक गाळा भरलेला, शेजारचा रिकामा, अशा केसेस स्वतः तयार कराव्या लागतात. हंगामात माल तसाच येतो आणि तसाच उचलला जातो. रॅक असतील तर त्यांचे पाय पॉइंट लोड म्हणून स्लॅबवर वेगळे तपासा. भूकंपाच्या वजनात इथे ५० टक्के, हे वर आलंच.

नदीकाठच्या कामात पुराच्या पाण्याचा लोड कसा द्यायचा?

२००५ आणि २०१९ पाहिलेल्या सांगलीत हा प्रश्न आपणहून विचारला जातो, याचं बरं वाटतं. बेसमेंटच्या किंवा जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीवर २ मीटर पाणी असेल तर दाब वर शून्य आणि तळाशी १९.६२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. प्लेटवर हा त्रिकोणी दाब देताना प्रत्येक प्लेटचा लोकल झेड एकाच बाजूला आहे ना ते बघा. चार कोपऱ्यांचे नोड ज्या क्रमाने जोडले त्यावर ती दिशा ठरते, आणि अर्धी भिंत आत ढकललेली, अर्धी बाहेर ओढलेली असं चित्र होतं. भिंतीच्या एका मीटर लांबीवर एकूण १९.६ किलोन्यूटन यायला हवेत, तो ताळा करा.

तळाचा वरचा दाब ही वेगळी केस. टाकी रिकामी आणि बाहेर पाणी भरलेलं, तेव्हा तळाला तेच १९.६ खालून लागतात, आणि २०० मिलिमीटरच्या स्लॅबचं वजन फक्त ५ आहे. इथे लाइव्ह लोड धरायचा नाही, डेडही ०.९ ने.

उन्हाळ्याच्या तापमानाची केस दिली तर पोलादी शेड फेल जाते.

दोन्ही टोकं पूर्ण जखडलेल्या पोलादात ३० अंश वाढीने सुमारे ७२ मेगापास्कल ताण येतो. मॉडेलमध्ये सगळे सपोर्ट जखडलेले आणि प्रत्यक्षात लांबट भोकांत बोल्ट, असं असेल तर सपोर्ट खऱ्यासारखा द्या. केस काढून टाकू नका.

जिना, पॅरापेट, गच्चीचा कोबा यांचं काय?

हे मॉडेलमध्ये नसतात, म्हणून विसरले जातात. मधल्या लँडिंगच्या बीमवर जिन्याची रिअॅक्शन द्या. जिन्याचा लाइव्ह लोड ३ घ्या. १५० मिलिमीटर जाडीचा आणि १ मीटर उंचीचा पॅरापेट ३ किलोन्यूटन प्रति मीटर होतो. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा असेल तर तो दीड-दोन किलोन्यूटन प्रति चौरस मीटरच्या घरात जातो. महाबळेश्वरच्या पावसासाठी उतार जास्त ठेवला की मध्याला जाडी वाढते, तिथे सरासरी जाडी खरोखर काढा. टॉयलेटचा खाली घेतलेला स्लॅब भरला तर त्या भरावाचंही वजन द्या.

जुन्या कामाची फाइल घेऊन नवं काम करणं चालतं का?

मटेरिअल आणि कॉम्बिनेशनपुरतं चालतं. लोड मात्र सगळे पुसा आणि नव्याने द्या. मेंबरचे नंबर बदलले की ‘१ ते २० वर भिंत’ ही ओळ आता कॉलमवरही भिंत टाकत असते. जुन्या फाइलमधून झोन, वाऱ्याचा वेग, भूप्रदेशाचा गुणक, मास सोर्स आणि युनिटच्या ओळी हे पाच रकाने हाताने तपासा आणि तपासणाऱ्याची सही तारखेसह कॅल्क्युलेशनच्या फाइलला लावा.